जावयाच्या गळ्यातली गिटार

"शेळगावकर बंधू-भगिनींनोऽ नोऽ नोऽऽ!"

सावळारामचा आवाज माईकमधून तीनदा यायचा. नवं इको मशीन घेतल्यापासून तो पाणी मागितलं तरी तीनदा मागायचा. सत्त्याण्णव सालची भीमजयंती. ऊन नुकतंच उतरलेलं, समाजमंदिरापुढं सगळी वस्ती बसलेली, आणि गावचा जावई म्हणून पुढच्या सतरंजीवर मान मिळालेला सोपान.

सोपान माळेगावच्या साखर कारखान्यात फिटर. त्याआधी तो ह्याच सावळारामच्या गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मग सावळारामनं कीबोर्ड आणला, एक बटण दाबलं आणि म्हणाला, "ऐक. ह्यात गिटार बी हाय, बासरी बी हाय. आता तुझं काय काम?" सोपाननं रागानं गिटार तिथंच टाकली आणि कारखाना धरला. आठ वर्षं तिची चौकशीसुद्धा केली नाही. पण कुठल्या लग्नात कीबोर्ड वाजला की एकच किडा डोक्यात वळवळायचा: आपले हात खरंच एका बटणात मावले?

पार्टीची गायिका बानूबाई गायला उभी राहिली. तिच्यामागं एक गॉगलवाला गडी गिटार गळ्यात अडकवून डोलत होता. सोपाननं डोळे बारीक केले. निळा रंग, कोपऱ्यावर त्यानंच पाडलेला टवका. त्याचीच गिटार! वायर मात्र कुठंच जोडलेली नव्हती. गडी नुसता हात हलवत होता, आवाज कीबोर्डातून येत होता.

"त्ये सावळारामचं जावई," त्याची बायको विजयमाला कानात म्हणाली. "ढोलकी येत न्हाय, कोरसमधी बेसूर. पर जावयाला न्हाय कसं म्हनायचं? दिली गिटार अडकवून. शोसाठी."

"अगं, दोन तारा तर सायकलच्या ब्रेकच्या लावल्यात!"

"लांबनं कोन बघतंय?"

"मी बघतोय की," म्हणत सोपान उठला आणि गाणं संपताच थेट स्टेजवर चढला.

"सोपानरावऽ रावऽ रावऽऽ!" सावळाराम माईक तोंडाशी धरूनच म्हणाला. "खाली बसा, पब्लिक हायऽ हायऽ हायऽऽ."

"एक गाणं वाजवतो, मग बसतो."

गॉगलवाला गिटारीला बिलगला. "मामा, मग मी काय करू?"

सावळाराम कात्रीत सापडला. तेवढ्यात खालून एक म्हातारी कडाडली, "ए सावळ्या! त्यो तुझा जावई, तर ह्यो अख्ख्या गावाचा जावई हाय! दे त्याला!"

"द्या, द्या!" सगळी सतरंजी ओरडली. सावळारामनं जावयाच्या गळ्यातून गिटार काढून सोपानला दिली.

सोपाननं ब्रेकच्या तारा उपटून काढल्या. अँप्लिफायरवाल्यानं पेटीत शोधून एक वायर दिली. पहिला आवाज निघाला तो शेपटीवर पाय पडलेल्या बकरीचा. पोरं खिदळली. सोपाननं शांतपणे खुंट्या पिळल्या, उरलेल्या चार तारा जुळवल्या आणि बानूबाईला म्हणाला, "घ्या बाई."

बानूबाईचा सूर सरळ कधी जायचा नाही, वर चढता चढता मध्येच लचकायचा. कीबोर्ड तिच्यामागं जिना चढल्यासारखा टक टक टक गेला. सोपाननं तार दाबून बाजूला ओढली, आणि गिटार तिच्या सुराला धरून तशीच लचकली. कारखान्यात नट-बोल्टांवर पाने फिरवून बोटांची कातडी जाड झाली होती, तार रुतायचं नाव घेईना. बानूबाईनं मान वळवून पाहिलं. कीबोर्डवाल्यानं घाईघाईनं गिटारचं बटण दाबलं. तिनं गाता गाताच त्याला हातानं गप केलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली, मुद्दाम आणखी वळवून. सोपान पाठोपाठ गेला. तिनं अजून वळवली, तो अजून ओढत गेला. ढोलकीवाल्याला हसू आवरेना. खाली बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

न्हाय मावले, सोपान मनात म्हणाला. मावायचे बी न्हायत.

गाणं संपल्यावर सावळाराम जवळ सरकला. "सोपानराव, मंगळवारी निमगावला कार्यक्रम हाय. येता का?"

विजयमाला स्टेजपाशी येऊन उभीच होती. "मंगळवारी ह्यांची दुसरी पाळी असती. बुधवार धरा. आन् टेम्पो माळेगाववरनं आणा."

"व्हय, पर आमचं जावई?"

"त्यांना खुळखुळा द्या," तारांवरचा गंज पुसत सोपान म्हणाला. "त्यो बेसूर व्हत न्हाय."