तीनपाणी बाईंचा वाफा

हाडांच्या त्या रुग्णालयात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पालेभाजी तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय ती कुणाला सुरी हातात घेऊ द्यायची नाही, म्हणून सगळे तिला तीनपाणी बाई म्हणायचे. पहिल्या पाण्यात माती सुटते, दुसऱ्यात किडे आणि तिसरं आपल्या मनाच्या समाधानासाठी, असं ती नव्यानं कामाला लागलेल्या बायकांना सांगायची. बायका मागे तोंड वाकडं करायच्या आणि धुवायच्या. तिची नजर चुकवून स्वयंपाकघरात काही करणं शक्यच नव्हतं.

एकोणीस वर्षं ती त्या स्वयंपाकघरात होती. ऐंशी खाटांचा दोन वेळचा स्वयंपाक. कच्च्या मांसाचा पाट वेगळा आणि त्याच्या सुरीला लाल दोरा बांधलेला, म्हणजे ती भाजीकडे चुकूनही वळू नये. भात उरला तर पातेल्यात झाकून ठेवायचा नाही, पसरट परातीत पातळ पसरायचा, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. हिरवट पडलेला बटाटा टाकायचा, त्याची कीव करायची नाही. आणि पोट बिघडलं असेल तर कामावर यायचं नाही. "लाजायचं काय त्यात?" ती म्हणायची. "पोट काय सांगून बिघडतं? पण त्या हातानं माझ्या पिठाला शिवलीस तर दारातूनच परत धाडीन."

एकदा दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, कुणालाच जायचं नव्हतं, म्हणून हिला पाठवलं. तिथून ती एक गोष्ट शिकून आली: दर जेवणातल्या प्रत्येक पदार्थाचा एक डाव झाकणाच्या छोट्या डब्यात काढायचा, वर तारीख-वेळ चिकटवायची आणि तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. कुणाला काही झालंच, तर तपासता येतं. व्यवस्थापक हसला होता. "बाई, इथं लोक हाडं मोडून येतात, पोट धरून नाही."

स्वयंपाकघराच्या मागे मोडक्या खाटा आणि गंजलेल्या चाकांच्या खुर्च्या टाकायची एक पट्टी होती. ती तिनं दोन वर्षं खपून साफ केली आणि वाफे काढले. पालक, कोथिंबीर, पुदिना, मुळा, काकडीचा एक वेल. भाजीची सालं, वाळका पाला, अंड्यांची टरफलं एका खड्ड्यात जायची. तो खड्डा सहा महिने झाकून ठेवायचा. आतलं सगळं काळं, भुसभुशीत होऊन त्याला मातीसारखा वास यायला लागला की मगच ते वाफ्यात. शेणाचं नाव काढायचं नाही. जो पाला कच्चा खायचा त्याच्या आसपास ताजं खत नको. पाणी सकाळी आणि मुळाशी, पानांवर नाही. वाफ्यांना ती हापशाचं पाणी घालायची, हातानं उपसून.

रुग्णांना त्या पट्टीचा लळा लागला होता. सगळ्यांत जास्त दहा नंबरच्या खाटेवरच्या आजींना. मांडीचं हाड मोडलेलं, उठता यायचं नाही, पण दोन्ही हात रिकामे. तीनपाणी बाई रोज दुपारी त्यांच्या खाटेवर वर्तमानपत्र अंथरायची आणि पुदिन्याची जुडी ठेवायची. आधी आजींचे हात साबणानं धुवून घ्यायची, मग आजी एकेक पान खुडायच्या.

"माझ्या लेकीपेक्षा तूच जास्त हुकूम सोडतेस," आजी म्हणायच्या.

"लेक घरी जाते. मला इथंच राहायचंय."

"मग नखंही दाखवू का?"

"दाखवा."

आणि आजी खरंच दोन्ही हात पुढे करायच्या, शाळेतल्या पोरीसारख्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात एक वादळ झालं आणि सगळ्या इमारतीला पाणी देणाऱ्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं. वाफ्यात उभं राहिलं की टाकी दिसायची. चार दिवसांनी तिला टाकीच्या काठावर कबुतरं बसलेली दिसली. तिनं जाऊन व्यवस्थापकाला सांगितलं. तो "बघतो" म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो वैतागला. "बाई, तोंडी सांगून काम होत नाही. लिहून द्या." तिनं घरी बसून, दोनदा खोडून, चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला आणि दिला. त्यानं तो टेबलावर कागद दाबायच्या काचेच्या गोळ्याखाली ठेवला. तिला वाटलं, झालं आपलं काम.

त्यानंतर महिन्याभरानं एका मंगळवारी दुपारी पहिल्या वॉर्डात दोघांना उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत अकरा जण. बुधवारी सकाळी एकतीस. ज्यांना कूससुद्धा बदलता येत नाही अशा माणसांना जुलाब लागले म्हणजे काय होतं, ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. भांडी पुरेनात, चादरी पुरेनात. तीनपाणी बाई स्वयंपाकघर सोडून वॉर्डात धावली, तर व्यवस्थापकानं तिला दारातच अडवलं. "तुम्ही आत यायचं नाही."

"का?"

"का ते तुम्हीच सांगा. काल काय घातलंत लोकांना?"

काल सूप होतं, भात होता, आणि वाफ्यातला मुळा, काकडी, कोथिंबीर घालून केलेलं सॅलड. ती म्हणाली, "डबे आहेत माझ्याकडे. सगळे तपासायला पाठवा. आणि आधी टाकी बघा, साहेब. मी अर्ज दिला होता."

"कुठला अर्ज?"

तिनं त्याच्या खोलीत जाऊन काचेच्या गोळ्याकडे बोट दाखवलं. गोळ्याखाली एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं.

शुक्रवारी पहाटे आजी गेल्या. अंगातलं पाणी आटून गेलं होतं. त्यांची मुलगीही आजारी होती, भिंतीला धरून चालत होती. ती रोज घरचा डबा आणून आईजवळ बसून खायची, रुग्णालयातला घास तिनं कधी तोंडात घातला नव्हता. तीनपाणी बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "ताई, आत्ता ही बोलायची वेळ नाही. पण तुम्ही इथलं काहीच खात नव्हता ना? पाणी तेवढं इथलं पीत होता. हे तुम्ही साहेबांना सांगा."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. "खाल्लं की. सोमवारी तुम्हीच पुदिना दिला होतात घरी न्यायला. आईनं खुडलेला."

पुदिना दिलाच होता. प्रेमानं दिला होता. आजी म्हणाल्या होत्या, माझ्या हातचं काहीतरी घरी जाऊ दे.

दुपारी तपासणीचा अधिकारी आला. व्यवस्थापकानं त्याला गच्चीवर नेलं नाही, सरळ मागच्या पट्टीत नेलं. अधिकाऱ्यानं खतखड्ड्याचं झाकण उचललं आणि नाकाला रुमाल लावला, खरं तर तिथं वास नव्हता.

"हे सगळं रुग्णांच्या ताटात जातं?"

"ही बाईंची हौस," व्यवस्थापक म्हणाला. "मी किती वेळा सांगितलं, पण जुन्या माणसाला बोलायचं कसं?"

"साहेब, तुम्हीच पाहुण्यांना इथं फिरवून आणता," ती म्हणाली. "यात शेण नाही, मैला नाही. सहा महिने कुजलेलं आहे. डबे तपासा ना. माझे डबे तपासा."

अधिकारी म्हणाला, "हो, नमुने कुठे आहेत?"

"रात्री वीज गेली होती," व्यवस्थापक म्हणाला. "खराब झाले. टाकून दिले."

तिनं आत जाऊन पाहिलं. तिचे छोटे डबे धुऊन, पुसून, तारेच्या रॅकवर ओळीनं उपडे घातले होते. एकोणीस वर्षांत त्या स्वयंपाकघरात तिच्या हुकमाशिवाय कुणी एवढी स्वच्छ भांडी घासली नव्हती.

अहवालात आलं ते एवढंच: स्वयंपाकघरातील त्रुटी, आवारात पिकवलेल्या कच्च्या भाजीमुळे. तिला "तूर्त घरी बसा" म्हणून सांगण्यात आलं. ती फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा दोन माणसं वाफ्यांवर चुना टाकत होती.

तिचा नवरा शिंपी होता. घराखालीच त्याचं दुकान. तिनं सगळं सांगितलं, आजींचं, टाकीचं, डब्यांचं. तो मशीन थांबवून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं सुईत दोरा ओवला आणि मान वर न करता विचारलं, "एक खरं सांग. त्या दिवशी सगळ्यांनी हात धुतले होते ना?"

"काय म्हणालात?"

"तसं नाही गं. घाईगडबडीत होतं माणसाच्या हातून. मी काही बाहेर बोलणार आहे का?"

ती वर गेली. रात्री तिनं त्याला वाढलं, स्वतः जेवली नाही. भांडण वगैरे काही झालं नाही. भांडायलासुद्धा समोरचा माणूस आपल्या बाजूचा असावा लागतो, असं तिला वाटलं.

खिडकीत तिची रंगाच्या जुन्या डब्यांतली बाग होती. बुडाला भोकं, तळाशी खडी, वर माती. मिरच्या, टोमॅटो, पालक. घरापुरतं ठेवून उरलेलं ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला द्यायची, निळ्या दोऱ्यानं जुडी बांधून, कारण दुकानात निळा दोरा नेहमी उरायचा. घरी बसल्यावर आठ-दहा दिवसांनी तिनं पालकाची जुडी दिली. शेजारीण हसून म्हणाली, "अगं बाई, किती कोवळा!" दुसऱ्या दिवशी तीनपाणी बाई कचरा टाकायला गेली तर पिंपात वरच निळ्या दोऱ्याची जुडी. सोडलीसुद्धा नव्हती. तिनं झाकण लावलं. त्या आठवड्यात तिनं खिडकीतला एकेक डबा खाली नेऊन रिकामा केला. नवऱ्यानं विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "ऊन कमी येतं."

आठ महिने गेले. बाजारात तिला वॉर्डातली सिस्टर भेटली. इकडेतिकडे बघून सिस्टरनं तिचा दंड धरला. "तुम्हाला कळलं का? गच्चीला रंग द्यायला टाकी रिकामी केली. तळाशी गाळ आणि त्यात तीन कबुतरं. नुसती हाडं आणि पिसं. साहेबांनी दोन दिवसांत नवी टाकी बसवली. आम्हाला सांगितलं, बाहेर बोलायचं नाही."

ती पिशवी तशीच घेऊन रुग्णालयात गेली. मागच्या पट्टीत आता स्कूटर लावतात. व्यवस्थापकानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. इतकी वर्षं कधी दिली नव्हती.

"बाई, झालं गेलं. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही."

"माझ्या आहे. मला लिहून द्या, की ते टाकीमुळे झालं."

"आता उकरून कुणाचं भलं होणार? आणि अहवालात तुमचं नाव कुठंय? 'स्वयंपाकघर' लिहिलंय." तो जरा पुढे वाकला. "भांडी घासायच्या बाजूला एक जागा आहे. उद्यापासून या हवं तर."

"तुम्हीच घासा. चांगली घासता," ती म्हणाली आणि चहा न घेता उठली.

तिथून ती आजींच्या मुलीकडे गेली. तिला वाटत होतं, जगात निदान एका माणसाला हे कळायलाच हवं. मुलीनं दार अर्धं उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. तीनपाणी बाईनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं: वादळ, झाकण, अर्ज, कबुतरं.

मुलगी म्हणाली, "म्हणजे पुदिना चांगला होता."

"हो ताई. वाफ्यातनं आला तेव्हा अगदी चांगला होता."

"आणि तुम्ही तो त्या टाकीच्या पाण्यात धुतलात."

जिना चढतानासुद्धा तिला हे सुचलं नव्हतं, आठ महिन्यांत सुचलं नव्हतं. मुळा, काकडी, कोथिंबीर, सगळं स्वच्छ मातीतनं, हापशाच्या पाण्यावर वाढलेलं. आणि ते तिनं उभं राहून, दुसऱ्यांना दम भरून, त्या पाण्यात घालायला लावलं होतं.

"हो," ती म्हणाली. "तीनदा."

मुलीनं दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला टाकीचं सांगितलं. मुलीचं सांगितलं नाही. तो खूश झाला. मशीनवर थाप मारून म्हणाला, "बघ! मी म्हणतच होतो, आमच्या घरच्या हातून असं होणार नाही!" दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही त्यानं ते सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हतं. त्याला खरंच तसं आठवत होतं.

पुढे ती एका रोपवाटिकेत कामाला लागली. तिच्या हाताला गुण होता, कलमं धरायची, रोपं मरायची नाहीत. मालकानं तिला भाजीच्या रोपांवर बसवलं. लोक विचारायचे, कुंडीत टोमॅटो कसा येईल, पालकावरची अळी कशी जाईल, आणि ती नीट सांगायची. पण एकदा एका बाईनं विचारलं, "हा पाला कच्चा खाल्ला तर चालतो ना? नुसता धुऊन?" तीनपाणी बाई हातातल्या रोपाची माती दाबत राहिली. विचारणारी वाट बघून निघून गेली. संध्याकाळी तिनं मालकाला सांगितलं, "मला फुलझाडांवर टाका."

"का? भाजीचं तुम्हाला इतकं कळतं."

"फुलं कुणी खात नाही," ती म्हणाली.

मालकाला तो विनोद वाटला, तो हसला आणि त्यानं जागा बदलून दिली. तेव्हापासून ती फाटकाजवळच्या जाळीखाली बसते, पिवळी पानं खुडते. भाजीचं विचारायला कुणी आलं तर आतल्या बाजूला हात करते. तिथं बसलेल्या माणसाला त्यातलं फारसं कळत नाही, हे तिला माहीत आहे.