तिचं वेगळं कॅरिअर

माझी मैत्रीण सायकलला कॅरिअर बसवायचं म्हणाली आणि माझा तिळपापड झाला. मागच्या चाकावरचं साधं कॅरिअर, त्यात रागावण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. पण आमच्या दोघींत आजवर कॅरिअर एकच होतं आणि ते माझ्या सायकलला होतं. यवतमाळहून आम्ही दोघी सायकलने मुक्कामाला जायचो, तेव्हा तिचं आणि माझं सगळं सामान माझ्या मागे बांधलेलं असायचं. ती मोकळ्या सायकलवर पुढे निघून जायची आणि वळणावर थांबून मला "गोगलगाय" म्हणायची. तिने आता स्वतःचं कॅरिअर घेणं म्हणजे सरळ वेगळी चूल मांडणं होतं.

आणि ती कुणाच्या नादाने मांडली जात होती, हेही मला ठाऊक होतं. नागपूरचा एक सायकलवाल्यांचा गट हैदराबादला निघाला होता. ही पांढरकवड्याला त्यांना जाऊन मिळणार होती. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत हिच्या मोबाइलवर त्यांचे निरोप टणटण वाजायचे, ही हसत हसत वाचायची आणि माझ्या डब्यातली भाजी तशीच राहायची.

"तुले समजते त्यातलं," ती म्हणाली. "तूच सांग मले कोणतं घेऊ. पण हलकं पाहिजे बरं."

"काहून? माह्या कॅरिअरले काय झालं?"

"त्याईचा नियम आहे वं. ज्याचं सामान त्यानंच न्यायचं."

त्याईचा नियम. आमच्या दोघींत कधी नियम लागला नव्हता.

त्या गटाचे म्होरके एक दंतवैद्य होते. त्यांनी हिला एका कॅरिअरचा फोटो पाठवला होता. सीटखालच्या दांड्याला एकाच चिमट्याने पकडणारं, दिसायला देखणं, वजनाला अगदी नगण्य. ते बघून माझ्या पोटात दुखलं. दातवाल्याने दातांपुरतं बोलावं. असल्या कॅरिअरला खालून आधार नसतो. थोडं जास्त सामान लादलं की ते डावी-उजवीकडे फिरतं आणि चिमटा सैल होत जातो. हिच्या सामानापुढे ते दोन दिवस टिकलं नसतं.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. हैदराबाद यायच्या आधीच कुठेतरी ते मान टाकणार, ही चिडणार, दंतवैद्यांना नावं ठेवणार आणि मुकाट माझ्याकडे परत येणार. हा विचार मी एक अख्खी संध्याकाळ मजेत चघळला. भाजीला फोडणी देताना तर मला हसूच आलं.

पण ते जमलं नाही. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. तिच्या सायकलला दुसऱ्याने निवडलेलं कॅरिअर लागलेलं मला बघवलं नसतं, एवढंच. बसवायचंच असेल तर ते माझ्या पसंतीचं असू दे.

मग मी कंबर कसली. लोखंडी बाद केलं, कारण ते माझ्या जुन्यासारखंच जड झालं असतं. शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचं निवडलं, दोन्ही पाय चाकाच्या आसाजवळ फ्रेमला बोल्टने आवळणारं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर माझ्या कॅरिअरच्या निम्मंही भरलं नाही. डाव्या पायाला मागचा डिस्कब्रेक आडवा येत होता. त्यासाठी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून नळीचे दोन छोटे तुकडे कापून आणले आणि मधे घालून पाय बाहेर सरकवला. ती शेजारी बसून दंतवैद्यांना फोटो पाठवत होती. त्यांनी पसंतीचा अंगठा पाठवला, तर हिला कोण आनंद. बोल्ट मी आवळत होते.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही पूर्ण सामान लादून आर्णीपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. कॅरिअरच्या वजनासाठी आठवडाभर माझं डोकं खाल्लेल्या बाईने स्टीलचा मोठा डबा, काचेच्या बरणीत लोणचं, दोन चादरी आणि जाडजूड टॉवेल भरून आणला. हे सगळं आजवर माझ्याच मागे असायचं.

जाताना उतार होता. ती खुशीत होती. "आवाजपण नाही करत वं," असं तिने दोनदा सांगितलं. परतताना चढ लागला. कापूस वेचून झालेल्या शेतांमधून रस्ता वर येत होता, ऊन तापलं होतं, आणि मी पहिल्यांदाच तिच्या पुढे निघाले. माझ्या मागे आता फक्त माझंच सामान होतं. सायकल अशी पळत होती की मला गुदगुल्या झाल्या. बघू दे म्हटलं तिला माझी पाठ. वर पोचून कडुनिंबाखाली थांबले, तर खाली दूरवर ती सायकल हातात धरून चालत येताना दिसली.

ती आली ती लालबुंद होऊन. सायकल झाडाला टेकवली, गटागटा पाणी प्यायली आणि बराच वेळ आपल्या सामानाकडे बघत राहिली.

"इतकं ओझं तू नेत होती?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही कधी? अन् मी तुले गोगलगाय म्हणत होती."

मी थट्टेवारी न्यायला बघितलं, पण जमलं नाही. जे होतं तेच तोंडून निघालं.

"सांगतलं असतं तर तू तवाच कॅरिअर घेतलं असतं."

रस्त्यावरून कापसाचा एक ट्रक गेला, त्याची धूळ बसेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मग तिने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "मी जाऊन राह्यली पण हैदराबादले."

"माहीत आहे मले."

तिच्या सामानाचा पट्टा चढावर सैल झाला होता. डबा एका बाजूला कलला होता. ती खाली बसून तो आवळायला लागली. तिला गाठ जमत नव्हती. मी सवयीने पुढे वाकून हात घातला.

"राहू दे वं," ती म्हणाली. "तिथं तू थोडीच राहशीन."

मी हात मागे घेतला.