एक वेलांटी

परभणीच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसलेला, पोखर्णीकडचा. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं, टाके पिकले अन् विष रक्तात गेलं. आता ती व्हेंटिलेटरवर. नर्सनं सहीला कागद दिला. त्यानं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "रुग्ण गंभीर. नातेवाईकांना कल्पना दिली."

मग मला म्हणला, "मावशी, कल्पना तर मीच देत होतो की! तीन दिस झाले सांगायलो, टाक्याला वास यायलाय. तर म्हणले, दवाखान्याला वास असतोच."

त्यानं माझा पेन मागितला. 'नातेवाईकांना'मधल्या शेवटच्या कान्यावर सावकाश वेलांटी काढली. झालं 'नातेवाईकांनी'.

"आता बराबर हाय," म्हणत सही केली.

नर्सनं कागद न वाचताच फायलीला लावला.