वृंदाची रजा

कॉम्प्युटरवर प्रकल्पाचं वेळापत्रक लावत होते. चाचणीची तारीख काही केल्या अलीकडे येईना. शोधलं, तर ते काम शेजारच्या टेबलावरच्या वृंदाच्या बाळंतपणाच्या रजेला जोडलेलं होतं. रजा संपल्याशिवाय ते सुरूच होणार नव्हतं. आणि वृंदा तर दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतून नुकतीच कामावर रुजू झाली होती.

ती कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"काढून टाक गं ती रजा," ती हळूच म्हणाली.

मी काढली. पुढची सगळी कामं भराभर अलीकडे सरकली. एखाद्याचं केवढं गेलं, तरी बाकीच्यांच्या तारखा किती सहज जुळतात!

"जमलं का?" साहेबांनी लांबूनच विचारलं.

वृंदाच म्हणाली, "हो सर, जमलं."