एकतिसाव्या गेटपाशी मालिनी

मालिनीला स्कीइंग येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढ्या मोठ्या शर्यतीत पंच म्हणून उभी राहते म्हटल्यावर लोकांना वाटतं, बाई बर्फावरून सुसाट जात असणार. कसलं काय! नागपूरच्या उन्हात वाढलेली ती. बावीस वर्षांपूर्वी ओहायोतल्या आमच्या डब्लिनला आली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात स्वतःच्या दारात सपशेल आपटली होती. शेजारीण म्हणून मीच हात देऊन उठवलं. तेव्हापासून मी तिची रत्ना आणि तिच्या लेकीची मावशी.

लेक म्हणजे हिमानी. आमच्या मराठी मंडळातली बाकीची पोरं रोबोटिक्सला आणि स्पेलिंगच्या स्पर्धांना जायची, तेव्हा या पोरीला सातव्या वर्षी शाळेच्या सहलीत स्कीइंगचं वेड लागलं. नवरा देवदत्त ऑफिसात अडकलेला, म्हणून तासाभरावरच्या टेकडीवर दर शनिवारी न्यायचं काम मालिनीचं. पोरगी वरून खाली यायची आणि आई पायथ्याशी चहाचा थर्मास घेऊन उभी. क्लबला पंच कमी पडायला लागले, तेव्हा कोणीतरी म्हणालं, नुसती उभी असतेस तर गेट तरी बघ. ती बघायला लागली, ती बारा हिवाळे बघतेय.

काम ऐकायला सोपं आहे. उतारावर लाल-निळे खांब रोवलेले असतात. जायंट स्लॅलममध्ये जरा लांब लांब, स्लॅलममध्ये जवळ जवळ. एकेक खांब म्हणजे एकेक गेट. पंचाने आपल्या वाट्याच्या चार-पाच गेटांवर नजर ठेवायची. दोन्ही स्की खांबाच्या एकाच, बरोबर बाजूने गेल्या पाहिजेत. खांब दोन पायांच्या मधून गेला की संपलं, मग तुम्ही कितीही जोरात खाली पोचा. पंचाने कार्डावर नंबर लिहायचा, छोटं चित्र काढायचं, बस्स. मालिनी त्या कार्डाच्या बाबतीत अशी कडक, की खेळाडू येताना नाकसुद्धा पुसत नाही. सत्यवादी हरिश्चंद्राची नात! मी तिला तोंडावर म्हणायचे तसं, आणि ती हसायची.

गेल्या ऑक्टोबरात देवदत्त गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या. त्यानंतर मालिनी हसली नाही आणि रडलीही नाही. लोक भेटायला आले तर त्यांना पाणी द्यायची, कोट कुठे टांगायचे ते दाखवायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? एकदा तिला खांद्याला धरून हलवलं आणि म्हटलं, "रड गं बाई एकदाची!" ती म्हणाली, "येत नाही, रत्ना. प्रयत्न केला मी." भाजी संपली आहे असं सांगावं त्या आवाजात.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर तिने दोन गोष्टी केल्या. मिशिगनमध्ये डिसेंबरात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी पंच म्हणून फॉर्म भरला. आणि हिमानीला सांगितलं की हे वर्ष शेवटचं, मग सोडलेलं इंजिनिअरिंग पुरं कर. हिमानी एकोणीस वर्षांची. ती कडाडली, "बाबा असते तर असं म्हणाले नसते!" त्या दिवसापासून मायलेकी कामापुरतंच बोलत.

आता त्या स्पर्धेत काय पणाला लागलं होतं ते ऐका. आठ देशांच्या मुली आल्या होत्या. शनिवारी जायंट स्लॅलम, रविवारी स्लॅलम, आणि त्यातून अमेरिकेच्या चार मुली निवडून अख्खा हिवाळा युरोपात खेळायला पाठवणार होते. शनिवारी हिमानी नववी आली. रविवारी पहिल्या पाचात आली तर युरोप. नाही आली तर आईने सांगितलं तसं, पुस्तकं उचलायची आणि कॉलेज गाठायचं.

नऊ तास एकटीने गाडी चालवायला नको म्हणून मी सोबत गेले होते. तिथे रविवारी असा हिमवर्षाव सुरू झाला की निम्मे पंच पोचलेच नाहीत. झालं, माझ्याही बुटाखाली खिळ्यांचे पट्टे बांधून मला उभं केलं. मालिनीने सकाळच्या मीटिंगमध्ये हात वर करून सांगितलं, माझी मुलगी शर्यतीत आहे. तिथला अधिकारी म्हणाला, इथे निम्मे लोक कोणाचे तरी आईबाप आहेत, आणि तू माझी सगळ्यांत चांगली पंच आहेस. तिला दिली एकतीस ते चौतीस नंबरची गेटं. तिच्या खालची मला.

स्लॅलमला दोन रन असतात, म्हणजे दोनदा उतरायचं आणि दोन्हींची वेळ मिळवून नंबर. पहिल्यात हिमानी सहावी होती. दुसऱ्यात ती आली तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती, तरी मी हात चोळायचे थांबले. काय येत होती पोरगी! आणि एकतिसाव्या गेटला मी पाहिलं. निळा खांब तिच्या दोन बुटांच्या मधून सटकन गेला. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तेवढ्यात ती माझ्यासमोरून खाली निघून गेली. तिला कळलंही नसेल. खालून आरडाओरडा ऐकू आला, चौथी! मीपण ओरडले. मग वर बघितलं, तर मालिनीने हातमोजा दातांनी ओढून काढला होता आणि ती पेन्सिलने लिहीत होती.



फळ्यावर हिमानीच्या नावापुढे बाद असं लागलं. तिच्या कोचने लगेच तक्रार केली. एका लाकडी खोलीत तीन जणांची ज्यूरी बसली. कोचच्या व्हिडिओत त्या गेटापाशी नुसतं पांढरं दिसत होतं. मालिनीने कार्ड समोर ठेवलं आणि सांगितलं, "मी आठ पावलांवर होते. खांब मधून गेला." विचारलं, खात्री आहे? म्हणाली, "आहे." तोंडावरची रेषा हलली नाही. मग खालची पंच म्हणून मला बोलावलं.

दाराशी हिमानी उभी होती, हेल्मेट पोटाशी धरून. तिने माझ्याकडे बघितलं. मालिनीने नाही बघितलं.

आता माझं ऐका. मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेला गेली अकरा वर्षं मी परीक्षक आहे. तिथून एकही मूल रिकाम्या हाताने घरी गेलेलं नाही. भाषण विसरलेल्याला धिटाईचं बक्षीस, रडलेल्याला भावनेचं. आपलीच पोरं, त्यांची तोंडं का पाडायची? हीच आमची रीत. त्या खोलीत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. बिनबापाची पोर दारात उभी, आणि मी तिची मावशी. मी म्हटलं, "मला स्वच्छ दिसलं. दोन्ही स्की बरोबर बाजूने गेल्या."

दोन पंच दोन गोष्टी सांगतायत, पुरावा नाही, मग शंकेचा फायदा खेळाडूला. हिमानी पुन्हा चौथी. युरोप पक्कं. मला क्षणभर, लाज वाटते सांगायला, बक्षीस दिल्यासारखं वाटलं.

पण करायला गेले एक आणि झालं भलतंच. पार्किंगमध्ये हिमानी आईसमोर येऊन उभी राहिली. "यू वॉन्टेड मी टू क्विट," ती म्हणाली. "म्हणून लिहिलंस ना? मावशीला दिसतं आणि तुला दिसत नाही? सगळ्या जगात माझी आईच?" मालिनी म्हणाली, "जे दिसलं ते लिहिलं." हिमानीने मला घट्ट मिठी मारली आणि टीमच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली. आईकडे वळूनही पाहिलं नाही. माझ्या जिभेला तेव्हा काय धाड भरली होती, कोण जाणे. मी आमच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागले.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना मालिनीने विचारलं, "तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मला वाटलंच."

माझा तोल गेला. "मग लिहिलंस कशाला, मूर्खासारखं? त्या हिमवर्षावात कोण बघत होतं?"

"मी बघत होते," ती म्हणाली आणि नळी परत अडकवून ठेवली.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन लावते, खरं काय ते हिमानीला सांगते. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "नको. तिला कळलं तर ती जागा सोडेल. एक दिवस थांबायची नाही. ओळखते मी तिला."

"आणि तुझं काय? जन्मभर तिला वाटणार, आईने मुद्दाम बाद केलं."

"वाटू दे. मला तसंही हल्ली काही वाटत नाही."

खरं सांगते, तिला एक थोबाडीत द्यावी, नाहीतर तिचे पाय धरावेत, यातलं काय करू ते मला कळेना. दोन्हींतलं काहीच केलं नाही. गाडी चालवली.

हिमानी आता ऑस्ट्रियात आहे. आईला फोन करत नाही, मला करते, दर रविवारी सकाळी. म्हणून मी रविवारी पोह्यांचा डबा घेऊन मालिनीकडे जाते आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवते. मालिनी समोर बसते, खुर्चीचा आवाजसुद्धा होऊ देत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तीन वेळा मी तोंड उघडलं होतं, तीनही वेळा तिने माझं मनगट धरलं.

मागच्या रविवारी हिमानी खुशीत होती. अकरावी आली होती, तिथल्या बर्फाचं कौतुक संपत नव्हतं. मग एकदम हळवी झाली. म्हणाली, "मावशी, तू त्या दिवशी खरं बोललीस म्हणून मी इथे आहे. कोणीतरी एक माणूस खरं बोललं."

मी मालिनीकडे बघितलं. तिकडून हिमानी हॅलो, हॅलो करायला लागली. मालिनीने फोनकडे बोट केलं, मग घास घेतल्यासारखी बोटं जुळवून तोंडाशी नेली. विचार, जेवली का.

मी विचारलं.