खाली आठ वेळा

पद्मजाबाईंच्या बोटांना तो महिनाभर स्वस्थता नव्हती. भाट्याहून येणाऱ्या एसटीत पर्सवर, घरी ताटाच्या कडेवर, देवासमोर जोडलेल्या हातांतसुद्धा बोटं आपली चाललेलीच. एकदा जेवताना नवऱ्याने विचारलं, "अगो, भातात काय टाइप करत्येस?"

"खाली आठ," त्या म्हणाल्या आणि आमटी वाढायची विसरल्या.

दामले वकिलांच्या ऑफिसात त्या बावीस वर्षं टायपिस्ट होत्या. दावा असो की कैफियत, त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय तिथला एकही कागद कोर्टात गेला नव्हता. २००१ च्या एप्रिलमध्ये वकिलांनी कॉम्प्युटर आणला, टाइपरायटर माळ्यावर चढवला आणि पुतणीलाही आणून बसवलं. ती सावनी, नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेली.

"कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत बघू," वकील म्हणाले. "जमलं तर तुम्ही, नाहीतर सावनी. एका खुर्चीत दोन माणसं मावत नाहीत."

टायपिंगची अडचण नव्हतीच. अक्षरं टाइपरायटरच्याच जागी होती. अडचण माऊसची होती. सतराव्या वर्षी सखाराममास्तरांच्या क्लासात त्या मराठी-इंग्रजी टायपिंग शिकल्या. मास्तर हातांवर टॉवेल पसरायचे आणि टॉवेलखालून टाइप करायला लावायचे. बोट मधल्या ओळीवरून भलतीकडे गेलं की पट्टी. आता माऊस धरायचा म्हणजे हात उचलायचा, आणि परत आलेला हात नेमका एक घर सरकून बसायचा. नजर कच्च्या मसुद्यावर असायची, त्यामुळे चार ओळी उलटल्यावर कळायचं की 'वादी'च्या जागी भलतंच काहीतरी उमटलंय. सावनी तोंडावर रुमाल धरून हसायची.

एकदा माऊस अडला तेव्हा तिनेच सहज सांगितलं, "काकू, माऊस नसला तरी चालतं. ऑल्ट दाबायचं आणि मेनूच्या यादीत बाणांनी खाली जायचं."

पद्मजाबाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी छोटी वही केली. उघडायचं तर खाली इतके, साठवायचं तर इतके. छापायचं असलं की ऑल्ट, खाली आठ वेळा, एंटर, परत एंटर. पडद्याकडे बघायचीही गरज नाही. मोजायचं फक्त. सखाराममास्तर असते तर खूश झाले असते. आठवड्याभरात त्या सावनीच्या बरोबरीने कागद काढायला लागल्या आणि सावनीचं हसणं थांबलं.

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला. मिऱ्याच्या सोनूबाई सकाळी नऊलाच येऊन बाकावर बसल्या होत्या. दिराने बागेची वाट अडवली होती आणि झाडावर आंबा तयार होता. मनाईचा अर्ज अकराच्या आत द्यायचा होता, नाहीतर गेला सुट्टीनंतर.

"झालो काय गो कागद?"

"होतोय."

"माझो आंबो झाडावर पिकान पडतलो."

साडेदहाला शेवटची ओळ झाली. ऑल्ट. खाली आठ. एंटर. परत एंटर. पद्मजाबाई प्रिंटरच्या करकरीची वाट बघत राहिल्या. करकर नाही. मान वर केली तर पडद्यावर अर्जाचा कागद पोस्टकार्डाएवढा झालेला, अक्षरं मुंग्यांसारखी. त्यांनी एस्केप दाबलं, परत मोजलं. एक, दोन, तीन... आठ. परत पोस्टकार्ड.

"काल चालत होतं!"

"अहो, मेनू तसाच राहत नाही," सावनी म्हणाली. "आपण जे वापरतो ते तो पुढे आणतो. काल मी प्रिव्ह्यू बघितला ना, छापण्याआधीचा नमुना, तो शिरला असेल मध्ये. उठा, मी देते काढून."

"दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे हलवतात का, न विचारता?"

"मी नाही हलवले, त्याने हलवले!"

"पद्मजाबाई, अकरा वाजतायत!" आतून वकील ओरडले.

सावनीचा हात माऊसकडे गेला. "थांब," पद्मजाबाई म्हणाल्या. मेनू पुन्हा उघडून त्यांनी महिनाभरात पहिल्यांदा तो मोजायच्या ऐवजी वाचला. प्रत्येक शब्दात एका अक्षराखाली बारीक रेघ होती. ती रेघ त्यांनी पूर्वीही पाहिली होती, पण वकिलांच्या मसुद्यात रेघ म्हणजे 'हे ठळक टाइप करा', म्हणून ती नक्षीच समजून सोडून दिली होती. इथे प्रिंटच्या पीखाली रेघ. प्रिव्ह्यूच्या पीखाली मात्र नाही. तिथे व्हीखाली. म्हणजे रेघ असलेलं अक्षरच दाबायचं असणार.

शब्द कुठेही सरको. पी उजव्या करंगळीच्या वाट्याचा. ती जागा कोण हलवणार?

करंगळी पडली. पडद्यावर छपाईची चौकट आली, त्यांनी एंटर दाबलं आणि प्रिंटर करकरला. सोनूबाई दचकून उठल्या.

अकराला दहा कमी असताना वकील कागद घेऊन जिना उतरले, मागोमाग सोनूबाई.

मग सावनीने स्टूल जवळ ओढलं. "काकू, त्या रेघांचं परत दाखवा ना."

"तू कोर्स केलेली ना?"

"आम्हाला सगळं माऊसनेच शिकवलं."

अर्ज वेळेत दाखल करून दुपारी वकील परतले ते हातात नवा मसुदा घेऊन. खुर्ची आणि स्टूल यांच्यामध्ये क्षणभर उभे राहिले, मग तो पद्मजाबाईंच्या डाव्या हाताला ठेवला. "सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी लागेल. सावनी, तू मला फायली लावायला ये."

संध्याकाळी एसटीत पद्मजाबाईंनी वहीतलं 'खाली आठ' खोडलं. अजून किती शब्दांखालच्या रेघा बघायच्या राहिल्या होत्या, आणि ऑफिस उघडायला चार आठवडे. भाट्याचा पूल आला तरी पर्सवरची करंगळी थांबली नव्हती.