मशीनच्या तोंडचं औषध

आमच्या भावोजींइतका भांड्यांवर संशय घेणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा झाला नाही. भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पोशेऱ्याचे, नाशिकच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागाचे डॉक्टर. कुठलीही गोष्ट आपल्या तोंडाशी येईपर्यंत वाटेतलं प्रत्येक भांडं त्यातला घोट घेतं, असं त्यांचं ठाम मत. साखरशेतला सासुरवाडीस आले की चहाचा पहिला घोट कपात फिरवून अंगणात ओतत आणि "कपाचं झालं, आता माझा," म्हणत. एका बारशाला त्यांनी आचाऱ्याला विचारलं, कढई किती तेल प्यायली ते धरलंत का? आचारी झारा ठेवून बिडी ओढायला गेला तो तासभर आलाच नाही. खापर अर्थातच आमच्या घरावर फुटलं.

हे सगळं नोकरीतून आलेलं. रोग्याला यंत्रं जोडली की नळ्या औषध शोषतात, यंत्र ते धुऊन नेतं, दिलेलं सगळं रोग्याला पोचतंच असं नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतही समजावत. शेजारचा माणूस मठ्ठा मागत असे.

मग एका वर्षी लावणीच्या चिखलातच बाबांना ताप भरला. मूत्रपिंडं बंद पडली आणि भावोजींच्या विभागात त्यांना डायलिसिसच्या मशीनला लावलं. बाबा वाचतील असं कोणी छातीठोकपणे सांगेना. अशात इंजेक्शन घेऊन आलेल्या नर्सला भावोजींनी थांबवलं. मशीन बंद झाल्यावर द्या म्हणाले. आई उसळली.

"माणूस तापानं फणफणतोय, न् तुम्ही औषध अडवून बसलात?"

"आई, हे मशीन रक्त चाळतंय. चाळणीला औषध न् घाण वेगळी कळत नाही. आत्ता दिलं तर हेच पिऊन टाकील."

आईनं मशीनकडे पाहिलं. "मेलं खादाड," म्हणाली आणि पदर खोचून त्याच्यासमोर राखणीला बसली. भावोजींना इतका आनंद झाला की शिकाऊ डॉक्टरांना बोलावून त्यांनी आई दाखवली.

मशीन थांबल्यावर इंजेक्शन त्यांनी स्वतःच दिलं, आणि पुढेही रोज देत राहिले. बाबांचा ताप उतरला, त्यांनी पेज मागितली, त्या सकाळी आईनं डबा उघडला आणि आधी भावोजींना बाकावर बसवलं.

"खा रे पोरा. तोंड सुकलंय तुझं."

भावोजींची आई ते लहान असतानाच गेली होती. नाचणीची भाकरी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. आईनंही काही पाहिलं नाही असं दाखवत चटणी वाढली.

आता आई नाही. भावोजी साखरशेतला येतात, हसतात, हसवतात. पान वाढलं म्हणून हाक मारली तरी स्वयंपाकघराच्या दाराशी थोडे घुटमळतात, लगेच बसत नाहीत.